काचेवर कोरलेलं यकृत

बाईंच्या घरी पाणी प्यायचं तर आधी अवयव निवडावा लागे. लोक भांड्यांवर स्वतःचं नाव घालतात, कुणी लग्नाची तारीख घालतं. बाईंनी प्रत्येक भांड्यावर एकेका अवयवाचं नाव कोरलं होतं. फुलपात्रांवर हृदय, प्लीहा, डावं मूत्रपिंड, उजवं मूत्रपिंड. दुधाच्या पातेल्यावर जठर. इंदिरानगरमधल्या त्यांच्या रो-हाउसमध्ये मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले, त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे पाण्यानं भरलेलं एक फुलपात्र ठेवलं. त्यावर ‘अपेंडिक्स’ असं कोरलेलं होतं.

“हे तुझं,” त्या म्हणाल्या. “नव्या मुलीला हेच. असलं काय, नसलं काय, घराचं काही अडत नाही. पुढचं पुढे बघू.”

मी कसनुसं हसले आणि म्हणाले, “हो मावशी.”

“मी तुझ्या आईची बहीण नाही. काकूही नाही. बाई म्हणायचं.”

खरं तर कुठल्याही शाळेत त्या कधी शिकवायला गेल्या नव्हत्या. एका मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात त्यांनी सगळी नोकरी टेक्निशियन म्हणून केली. अवयवाचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कागदाहून पातळ काप काढायचा, तो रंगवायचा आणि काचपट्टीवर चढवायचा. ही झाली स्लाइड. ती दाखवून शिकवणारे प्राध्यापक वर्गात, आणि बनवणाऱ्या बाई दाराआडच्या खोलीत. तरुणपणी एकदा त्यांनी एका विद्यार्थ्याला मायक्रोस्कोपवर काहीतरी समजावून सांगितलं, तर विभागातल्या साहेबांनी बोलावून सुनावलं होतं, “तुम्ही स्लाइड करा. शिकवायला आम्ही आहोत.” हा किस्सा बाई हसत हसत सांगत, पण महिन्यातून एकदा तरी सांगतच. घरी राहणाऱ्या मुलींकडून ‘बाई’ म्हणवून घेण्यामागे हे होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला अ‍ॅनॅटॉमीत नापास झालेली मुलगी. दिंडोरीकडे आमचं गाव, शेतात टोमॅटो आणि झेंडू. गावातून डॉक्टर व्हायला निघालेली मी पहिलीच, त्यामुळे नापास झाल्याची बातमी माझ्या आधी घरी पोचली. पुरवणी परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि माझी ती शेवटची संधी होती. यातही गेले असते तर कॉलेज सुटलं असतं. वडील फोनवर म्हणाले, “नाय जमलं तर नाय जमलं, पोरी. लय जिवाला लावून घेऊ नको. घर हाय ना आपलं.” त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या ‘घर हाय ना’ला मी अर्धा तास बाथरूममध्ये रडले.

माझं घोडं अडलं होतं मायक्रोस्कोपपाशी. परीक्षेत रांगेनं मायक्रोस्कोप मांडलेले असतात, प्रत्येकाखाली एक स्लाइड. घंटा वाजली की पुढच्यावर सरकायचं, दिसेल त्याचं नाव लिहायचं. पहिल्या परीक्षेत एका स्लाइडला मी बरोबर ‘थायरॉइड’ लिहिलं होतं. तेवढ्यात मागून जाणारे आमचे सर नुसते खाकरले. मी घाईघाईनं ते खोडून भलतंच काहीतरी लिहिलं. सरांना सर्दी झाली होती, एवढंच. पण माझा स्वभाव हा असा. समोरच्यानं भुवई उडवली की माझी माघार ठरलेली.

बाईंच्या खिडकीत एक जुना मायक्रोस्कोप होता. तान्ह्या बाळाला शिवतात तसं टोपडं त्यांनी त्याला शिवलं होतं. दुपारच्या चहानंतर ते टोपडं निघे आणि माझी शिकवणी सुरू होई.

“काय दिसतं?”

“स्प्लीन, बाई.”

“नाव कुणी विचारलं? दिसतं काय?”

“म्हणजे… स्प्लीनच दिसतंय ना.”

की टोपडं पुन्हा चढलंच. “उद्या बघू. नावं काय, सगळे घोकतात. आधी दिसतं ते सांगायचं. पूर्ण सांगून झालं की नाव आपसूक येतं. नाही आलं तर नाही आलं, निदान खोटं तरी बोलली नाहीस.”

तीन दिवस त्यांनी मला एकही नाव घेऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी मी कंटाळून “जांभळे ठिपके, गुलाबी पट्टे, मध्ये पांढरी भोकं” असं बालवाडीतल्या पोरीसारखं सांगत सुटले, तेव्हा कुठे “हं” असा आवाज आला. बाईंचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्या कुणाची पाठीवरची थाप. त्यापलीकडे कौतुक त्यांच्याकडे नव्हतं.

त्यांच्या लेखी जगात रंगही दोनच. पेशीचा गाभा जांभळा करणारा एक, आणि बाकी सगळं गुलाबी करणारा दुसरा, त्याचं नाव इओसिन. साडीच्या दुकानात जाऊन त्या बिनदिक्कत “इओसिन दाखवा” म्हणत, आणि मेनरोडचा तो दुकानदार सवयीनं गुलाबी साड्यांचा गठ्ठा उघडी. माणसांचीही वर्गवारी ठरलेली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे पित्ताशय, “वर्षभर साठवतो आणि मीटिंगमध्ये एकदम ओततो.” शेजारच्या वहिनी म्हणजे स्वादुपिंड, “दिसत नाहीत, पण गोडाधोडाचं सगळं त्यांच्या हातात.”

बाईंचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. संध्याकाळी पाच ते सात बाई गेटाशी खुर्ची टाकून बसत. गल्लीत येणारा प्रत्येक जण त्यांच्या समोरून जाई. पार्सलवाला, दूधवाला, कुणाचे पाहुणे, मोकाट मांजरं. बाई ना उठत, ना कुणाला हटकत. एकदा मात्र गळ्यात कसलंसं ओळखपत्र अडकवून एक माणूस ‘गॅसची शेगडी तपासायला आलोय’ म्हणून आत शिरायला लागला. बाईंनी बसल्या जागेवरून छत्रीची मूठ त्याच्या पिशवीच्या पट्ट्यात अडकवली आणि सेक्रेटरी खाली येईपर्यंत सोडली नाही. त्याच्या पिशवीत शेजारच्या सोसायटीतले चार नवेकोरे नळ निघाले.

“एवढी माणसं जातात, तुम्ही यालाच कसं धरलंत?” मी विचारलं.

“शेगडी तपासणाऱ्याची नजर स्वयंपाकघर शोधते. ह्याची बाथरूम शोधत होती,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा पेपर वाचायला लागल्या.

बाईंचा लाडका अवयव यकृत. त्यातही यकृतातल्या त्या पेशी, ज्यांचा धडा माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हता. पुस्तकात वाचलं होतं की शरीराच्या रखवालदार पेशी रक्तातून हिंडत असतात, जंतू दिसला की धावून जातात. यकृतातल्या मात्र एका जागी बसून असतात म्हणे.

“बसून राहून रखवाली कशी होते?” मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता टोपडं चढणार. पण त्या म्हणाल्या, “उद्या सकाळी विंचूरला जाऊ.”

विंचूरला त्यांच्या भाच्याचं कांद्याचं खळं होतं. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं मोठं पत्र्याचं आवार, तिथे खरेदी केलेला कांदा उतरतो, निवडला जातो आणि गोण्यांत भरून पुढे रवाना होतो. आम्ही एस.टी.नं गेलो. ढिगावरून कांदा सोडत होते, तो मधल्या चिंचोळ्या वाटेनं घरंगळत येत होता, आणि वाटेच्या दोन्ही काठांना बायका मांडी घालून बसल्या होत्या. हात तेवढे चालू होते. बाईंनी मला एका आजींच्या शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, “विचार यांना. मला नको विचारू.”

मी विचारलं, “आजी, तुम्ही उठून ढिगाकडं का जात नाही?”

“कशाला?” आजी हात न थांबवता म्हणाल्या. “कांदाच येतोय ना हिकडं. मी उठले की हितली जागा मोकळी, नि तेवढ्यात सडका जायचा निघून फुडं.”

“पण सडका कळतो कसा? तुम्ही तर बघतसुद्धा नाही.”

“हाताला कळतं. मऊ लागतो.”

“आणि थोडासाच डाग असला तर?”

“डागासाठी काय बोंब मारायची? पापुद्रा काढायचा, द्यायचा सोडून. समद्याच कांद्यावर वरडत बसले तर गाडी भरायची कवा? लयच सडका माल आला तर मग मारते मुकादमाला हाक.” अर्धा चांगला असलेला कांदा मात्र त्या फेकत नव्हत्या. तो शेजारच्या वेगळ्या पाटीत पडत होता.

बाई माझ्या मागे उभ्या राहून डोलत होत्या. “झाला की तुझा धडा,” त्या म्हणाल्या. “आतड्यातलं सगळं रक्त आधी यकृतात येतं. त्यात अन्नाचा अंश असतो, आणि चुकूनमाकून शिरलेले जंतूही असतात. यकृतपेशींचे पट्टे, दोन पट्ट्यांमध्ये चिंचोळी वाट, त्या वाटेनं रक्त सावकाश सरकतं. वाटेच्या काठाला ह्या पेशी चिकटून बसलेल्या. हात लांब करून चाचपतात, जंतू लागला की धरतात आणि गिळून टाकतात. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशीसुद्धा गिळतात, पण त्यातलं लोखंड वाया जाऊ देत नाहीत. वेगळ्या पाटीत. आणि अन्नाच्या प्रत्येक कणावर आरडाओरडा करत नाहीत, नाहीतर आपण जेवलो की रोज ताप येईल. खरंच मोठं संकट आलं तरच बाकीच्यांना हाक मारतात.”

पलीकडे एक तरुण बाई बसली होती, तिचे हात आजींइतकेच भराभर चालत होते. बाईंनी विचारलं, “ही कोण?”

“नवी हाय. तिची सासू बसायची त्या जाग्यावर, ती आजारी पडली. पयले दोन दिवस ही निस्ती चाचपडत व्हती. मग आमी हिकडून तिकडून सांगितलं. आता बघा की.”

परतीच्या एस.टी.त बाई म्हणाल्या, “यकृतातही असंच. त्यातली एक पेशी मेली की रक्तातून एक साधीच पेशी येते, त्या रिकाम्या जागेवर बसते, आणि शेजारणी तिला शिकवतात. थोड्याच दिवसांत तीही जंतू धरायला लागते. कुप्फर पेशी म्हणतात त्यांना. हे नाव, बघ, मी शेवटी सांगितलं.” मग खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “तूसुद्धा जागेवर बसून राहा. उठू नकोस. येईल तुला.”

त्याच प्रवासात त्यांनी मला त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या स्लाइडची गोष्ट सांगितली. साध्या रंगात कुप्फर पेशी नीट ओळखू येत नाहीत. म्हणून फार वर्षांपूर्वी एका उंदराच्या रक्तात काळी शाई सोडली होती. “आता असं करत नाहीत, आणि करूही नये. मी त्या दिवशी जेवले नव्हते,” बाई म्हणाल्या. नंतर यकृताचा काप घेतला, तर शाई सापडली ती त्या पेशींच्या पोटात. शेजारच्या यकृतपेशी स्वच्छ. ती स्लाइड कॉलेजातच कुठल्यातरी पेटीत राहिली होती.

“कागदी लेबलं सुटतात गं. म्हणून मी हिऱ्याच्या पेन्सिलीनं काचेच्या टोकाला कोरून ठेवायचे. मराठीत. साहेब त्याच्यावरच कागद डकवायचे.”

घरातल्या भांड्यांवर कोरायला हीच पेन्सिल होती. निवृत्त होताना बाईंनी कॉलेजातून शाल-नारळ घेतला नाही, ती मागून घेतली.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, “कुणी खाकरलं तर त्याला पाणी विचार. उत्तर खोडू नकोस.”

पहिल्या सहा स्लाइड ठीक गेल्या. सातव्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. स्लाइड इतकी जुनी, की गुलाबी रंग पार उडालेला. राखेसारखा फिकट काप आणि त्यावर काळे ठिपके. काळे ठिपके म्हटलं की आम्हा सगळ्यांच्या मनात एकच येतं, धुरानं काजळलेलं फुप्फुस. माझ्या पुढच्या मुलीनं एका क्षणात लिहून टाकलं होतं. मीही पेन टेकवलं, ‘लंग’मधलं पहिलं अक्षरही काढलं असतं. पण कानात आवाज आला, नाव कुणी विचारलं?

मी पुन्हा डोळा लावला. काळे ठिपके. विखुरलेले नाहीत, रांगेत आहेत. रांगा एका मधल्या भोकाकडे चालल्यात, सगळ्या बाजूंनी. ठिपके पट्ट्यांवर नाहीत. दोन पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेच्या काठाला आहेत. पट्टे कोरे. आणि एकदम मला विंचूरचं खळं दिसलं, दोन्ही काठांना मांडी घालून बसलेल्या बायका. मी लिहिलं, ‘यकृत. कुप्फर पेशी, शाई गिळलेल्या.’ घंटा वाजली.

दुपारी तोंडी परीक्षा. टेबलामागे आमचे सर आणि बाहेरगावाहून आलेल्या एक परीक्षक मॅडम. सरांच्या हातात माझा कागद होता.

“सात नंबरला लिव्हर लिहिलंय तुम्ही. सगळ्या बॅचनं लंग लिहिलं, आणि तुम्ही एकट्या लिव्हर?” सर म्हणाले आणि खाकरले.

“सर, पाणी देऊ का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

मॅडमनी वर पाहिलं. सर लाल झाले. “लेबल लंगचं आहे. मी स्वतः लावलंय.”

आता माघार घ्यायची माझी नेहमीची वेळ होती. उत्तर खोडायला सरांनी पेनही पुढे केलं असतं. आणि मला वडिलांचं ‘घर हाय ना’ ऐकू आलं आणि बाईंचं ‘उठू नकोस’ ऐकू आलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“लेबलाचं मला माहीत नाही सर. दिसतं ते सांगते,” मी म्हणाले, आणि सांगितलं. रांगा, मधलं भोक, कोरे पट्टे, चिंचोळी वाट, काठाला बसलेल्या पेशी. त्या तिथेच का बसतात, काय धरतात, काय सोडतात, त्यांच्यातली एक मेली तर तिच्या जागी कोण येतं. कांद्याचं तेवढं गाळलं. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता, इतका सरळ होता.

मॅडम उठल्या. सातव्या मायक्रोस्कोपपाशी जाऊन बराच वेळ वाकून पाहिलं. मग स्लाइड काढून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. “या कागदाखाली काहीतरी कोरलेलं आहे. जरा ओला कापूस द्या.”

शिपाईमामांनी कापूस आणला. मॅडमनी सरांचं लेबल भिजवून हलकेच सोलून काढलं. खाली काचेवर बारीक अक्षरात होतं, ‘यकृत. शाई.’ ते अक्षर मला पाठ होतं. दोन महिने मी रोज त्याच अक्षरातून पाणी पीत होते.

“कुणी केली ही स्लाइड?”

“बाईंनी,” मी म्हणाले. सरांना मग सांगावंच लागलं, की आमच्या निवृत्त टेक्निशियन आहेत.

“अशी स्लाइड मी फक्त पुस्तकात पाहिली होती,” मॅडम म्हणाल्या. “सर, बाकीच्यांना हा प्रश्न धरू नका, चूक त्यांची नाही. हिला पूर्ण मार्क द्या. आणि त्या बाईंना इथे बोलवा. ही स्लाइड त्यांनीच शिकवली पाहिजे.”

मी पास झाले! वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “आता ये घरी. दोन दिवस. दोनच हां, मंग जायचं परत.”

बाईंनी माझं फुलपात्र मागून घेतलं, मांडीत घट्ट धरलं, आणि ‘अपेंडिक्स’वर आडवी रेघ मारून खाली कोरायला बसल्या. झाल्यावर माझ्यापुढे ठेवलं. ‘यकृत.’

“यकृत का, बाई?”

“तोडलं तरी पुन्हा वाढतं, म्हणून.”

मी त्यांना मिठी मारली, आणि त्या “पेन्सिल टोचेल, पेन्सिल टोचेल” म्हणत तशाच बसून राहिल्या.

महिन्याभरानं कॉलेजचं पत्र आलं. बाई नवीकोरी इओसिन साडी नेसून गेल्या. हॉलमध्ये पहिल्या वर्षाची सगळी मुलं होती, मागे पुरवणीतून पास झालेले आम्हीही घुसलो होतो. सरांनी उभं राहून बोलायला माइक आणि टेबल मांडलं होतं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. “मायक्रोस्कोपशेजारी खुर्ची द्या,” त्या म्हणाल्या. “मी बसते. तुम्ही या माझ्याकडे.”

रांग लागली. पहिली मुलगी वाकली आणि म्हणाली, “लिव्हर, बाई.”

“नाव कुणी विचारलं? दिसतं काय?”

ज्या साहेबांनी त्यांना दाराआड बसवलं, ते केव्हाच निवृत्त होऊन गेले होते. ते तिथे हवे होते, असं मला फार वाटलं. एकामागून एक मुलं येत होती, चाचपडत होती, सांगत होती, आणि ‘बाई, बाई’ असा नुसता गजर चालला होता. बाई जागेवरून हलल्या नाहीत. चहा आला तो तसाच गार झाला. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला त्याआधी कधी पाहिला नव्हता.

रांगेच्या शेवटी सर उभे होते. सर चष्मा कपाळावर चढवून वाकले, बराच वेळ पाहिलं, आणि खाकरले. मी धावत जाऊन पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, एक घोट प्यायले आणि पुन्हा डोळा लावला.

“काळे ठिपके आहेत,” सर म्हणाले. “रांगेत आहेत, बाई.”

“हं,” बाई म्हणाल्या.